सिमेंटला अनुदान आहे, मोकळ्या गुंठ्याला नाही

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही संगमनेर तालुक्यात राहतो. साडेतीन एकर जमीन, नऊ संकरित गाई आणि तीन कालवडी आहेत. गाई बारा महिने दावणीला असतात. दोघींच्या पुढच्या गुडघ्यांवर लिंबाएवढ्या गाठी आल्यात, एकीचा सड मस्टायटीसने, म्हणजे कासेच्या सुजेने, कायमचा गेला. शेणघाण, झाडलोट आणि पाणी पाजणं माझ्याकडे. धारा काढणं आणि डेअरीला दूध घालणं यांच्याकडे. मोबाईलवर मुक्त संचार गोठे बघते आणि वाटतं, आपल्याही गाई सोडाव्यात. सासरे म्हणतात, पंचायतीतून पक्का गोठा मंजूर करून घेऊ, फुकटात होतोय. यांना एकाने सांगितलंय की राष्ट्रीय पशुधन अभियानात निम्मं अनुदान आहे, तेही पन्नास लाखांपर्यंत. फाईल करून द्यायचे तो पंधरा हजार मागतोय. मला एवढंच विचारायचंय की जनावराला सुखात ठेवायचं म्हटलं तर सरकार काही देतं का? दुसरं म्हणजे, खोंड (नर वासरू) झालं की त्याला दूध पाजायचं की नाही यावरून आमच्या घरात दर वेळी वाद होतो. त्याबद्दलही लिहा.

— एक शेतकरी सून

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी पंधरा हजारांचं बोलू, कारण तो माणूस उद्या पुन्हा दारात येईल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. राष्ट्रीय पशुधन अभियानात निम्मं अनुदान आहे हे खरं, पण ते तुमच्या गाईंसाठी नाही. २०२१ मध्ये या अभियानाची नव्याने आखणी झाली. त्यातल्या उद्योजकता योजनेत शेळी-मेंढी पैदास, परसातल्या कोंबड्यांची पैदास, वराहपालन आणि चारा-मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) हे प्रकल्प बसतात. पुढे २०२४ मध्ये घोडा, गाढव आणि उंट आले. पन्नास लाखांचा आकडा आहे तो मुख्यतः पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांच्या प्रकल्पाचा, किंवा मुरघास-चाऱ्याच्या मोठ्या युनिटचा. दुधाळ गाईंचा गोठा त्यात कुठेच नाही. जिथे अनुदान आहे तिथेही ते हातात आधी पडत नाही. बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं, काम उभं राहावं लागतं, मग दोन हप्त्यांत पैसे येतात. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि तो भरायला मध्यस्थ लागत नाही. तुम्हाला शंका असेल तर पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: 'साहेब, या योजनेत गाईचा गोठा बसतो का?' उत्तर ऐकायला नवऱ्यालाही सोबत न्या.

असाच घोळ पायाभूत सुविधा निधीच्या बाबतीत होतो. २०२० मध्ये केंद्राने पंधरा हजार कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा विकास निधी काढला. त्यात कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत आहे. पण तो दूधप्रक्रिया, पशुखाद्य कारखाने, मांसप्रक्रिया, मोठे पैदास प्रकल्प यांच्यासाठी आहे. नऊ गाईंच्या दारात तो येत नाही. गावात जो तो 'केंद्राची स्कीम आलीय' म्हणतो तेव्हा ती कुणासाठी आलीय हे कुणी वाचलेलं नसतं.

आता सासरेबुवांचा पक्का गोठा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. रोजगार हमीतून, शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेखाली, गाय-म्हशींसाठी पक्का गोठा देण्याचा निर्णय राज्याने घेतला होता. २०२१ च्या शासन निर्णयानुसार दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये, सहाच्या वर बारापर्यंत असतील तर त्याच्या दुप्पट. तुमच्या नऊ गाई म्हणजे दुप्पट, १,५४,३७६ रुपये. रक्कम लहान नाही. पण आतला हिशोब बघा. ७७,१८८ पैकी मजुरीचा भाग आहे ६,१८८ रुपये, बाकीचे ७१,००० साहित्याचे. रोजगार हमीत एकूण खर्च मजुरी साठ आणि साहित्य चाळीस या प्रमाणात ठेवावा लागतो. म्हणजे तुमचा एक गोठा मंजूर करायचा तर गावात कुठेतरी मजुरीची बरीच कामं व्हायला हवीत, तेव्हा तो ताळमेळ बसतो. ग्रामसेवक 'बघू, पुढच्या आराखड्यात' म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी त्यांच्या मनात काळंबेरं असतंच असं नाही. प्रमाण बसत नसतं. मंजुरी मिळाली तरी साहित्याचं बिल रखडतं आणि तोवर वीट-वाळू-पत्र्याची उधारी घराच्या डोक्यावर बसते, हे तालुक्यात कुणालाही विचारा.

त्यात आणखी एक. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यामुळे वैयक्तिक गोठ्याचं काम तुमच्या पंचायतीच्या यंदाच्या आराखड्यात आहे का, हे आधी लेखी विचारून घ्या. जॉब कार्ड, सात-बारा, आठ-अ काढून ठेवा, पण ठराव हातात पडेपर्यंत विटेचा ट्रॅक्टर बोलवू नका.

तरीही मुद्दा पैशांचा नाही. त्या शासकीय आराखड्यात गोठ्याची लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर आहे, सहा जनावरांसाठी. सिमेंटची जमीन, गव्हाण, अडीचशे लिटरची मूत्राची टाकी आणि दोनशे लिटरची पाण्याची टाकी. ज्याने हे काढलं त्याच्या डोळ्यासमोर चिखलात, खाचखळग्यांत, मुताच्या डबक्यात उभं असलेलं जनावर होतं आणि त्याचा उद्देश चांगला होता. शेण-मूत्र गोळा व्हावं, रोगराई कमी व्हावी. पण सगळा विचार छपराखालचाच आहे. भारतीय मानक ब्युरोने सुट्या गाईसाठी दिलेलं माप असं आहे: छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि शिवाय उघड्यावर सात चौरस मीटर. म्हणजे छपराच्या दुप्पट मोकळी जागा. सरकारी गोठ्यात छप्पर पुरेसं आहे, मोकळी जागा शून्य.

तुमच्या नऊ गाईंचं गणित करून बघा. छपराखाली साडेएकतीस चौरस मीटर, उघड्यावर त्रेसष्ट. एकूण चौऱ्याण्णव-पंचाण्णव चौरस मीटर, म्हणजे एक गुंठासुद्धा भरत नाही. साडेतीन एकरांत एक गुंठा! मी तर म्हणेन दोन गुंठे द्या. कालवडींना वेगळा कप्पा काढता येईल आणि दुबळी गाय कोपऱ्यात अडकणार नाही. दोन गुंठ्यांना सरकार एक रुपयाही देत नाही. पण त्याला खर्च तरी काय आहे? भोवती पाइप-अँगलचे खांब आणि जाळी, एक फाटक, मधे सावली आणि पाण्याचा हौद.

तुमच्या दोन गाईंच्या गुडघ्यांच्या गाठी कडक जमिनीवर उठता-बसता घासून आलेल्या आहेत. गाय उठते तेव्हा आधी मागचे पाय उचलते, सगळा भार काही क्षण पुढच्या गुडघ्यांवर येतो आणि ती तोंड पुढे टाकून झोका घेते. दावं आखूड असेल आणि पुढे गव्हाणीची भिंत असेल तर तो झोका घेता येत नाही. मग ती गुडघ्यांवरच अडखळते, घासते, पुन्हा प्रयत्न करते. आज संध्याकाळी एकदा निवांत उभं राहून बघा, म्हणजे कळेल. काही गाई शेवटी बसायचंच टाळतात. न बसणारी गाय रवंथ कमी करते, आणि त्याचा हिशोब बादलीत दिसतो.

मस्टायटीसचंही तसंच. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणावर बसली की जंतू आत. म्हणून धारेनंतर लगेच गव्हाणीत चारा टाकायचा, ती उभी राहून खाईल. हे तुम्ही गोठा न बदलता उद्यापासून करू शकता. सड बुडवायचं औषध घ्या, धारेनंतर प्रत्येक सड त्यात बुडवा. आणि पाणी! दोन किंवा तीन वेळा बादलीने पाजलेलं पाणी संकरित गाईला पुरत नाही. उन्हाळ्यात दुधावरची गाय दिवसाला ऐंशी-शंभर लिटरही पिते, आणि तिला तहान तुमच्या वेळेप्रमाणे लागत नाही. नुसता चोवीस तास भरलेला हौद ठेवला तरी फरक दिसतो, आणि तुमच्या कमरेवरचं एक काम उतरतं.

म्हणून माझा सल्ला असा: आधी गाई सोडा, अनुदानाचं मागून बघा. आहे तेच छप्पर राहू द्या. त्याची एक लांब बाजू मोकळी करा आणि त्या बाजूला जाळीचा मोकळा वाडा काढा. पुढेमागे पंचायतीचा गोठा मंजूर झाला तर तो याच वाड्याला लागून, एक लांब बाजू वाड्याकडे उघडी राहील असा घ्या. सासऱ्यांचा पक्का गोठाही होईल आणि गाईंचं अंगणही राहील. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारची सावली आतच राहते. गव्हाणीपाशी गाय उभी राहते तेवढीच पट्टी सिमेंटची करा, तीही खरखरीत, गुळगुळीत घोटलेली नको. बाकी मुरूम, आणि गव्हाणीपासून बाहेरच्या बाजूला उतार. प्रत्येक गाईमागे दोन-सव्वादोन फूट गव्हाण धरा, नाहीतर मारकी खाईल आणि गरीब बघत बसेल. एका खांबाला जुना खराटा किंवा ब्रश बांधा. त्याला मान घासणाऱ्या गाईकडे सासरेबुवा बघत उभे राहिले नाहीत तर मला कळवा.

पहिल्या दिवशी निराश होऊ नका. वर्षानुवर्षं बांधलेली गाय दावं सोडलं तरी तिथेच उभी राहते. मग एखादी भीत भीत चार पावलं टाकते, आणि मग जी काय पळापळ आणि ढुशाढुशी होते! दोन-तीन दिवसांत त्यांची उतरंड ठरते आणि शांत होतात. शिंगं मारणारी एखादी असेल तर तिला शेवटी सोडा. पुढच्या वासरांच्या शिंगाच्या कळ्या दोन-तीन आठवड्यांच्या आतच, डॉक्टरांकडून, भूल देऊन काढून घ्या. घरी तापल्या लोखंडाचा प्रयोग नको. धारेच्या वेळी गव्हाणीला अडकवता येईल अशी सोय ठेवा. आणखी एक फायदा तुमच्या लगेच लक्षात येईल. सुटी गाय माजावर आली की दिसते. दावणीला बांधलेलीचा माज रात्रीतून निघून जातो आणि एकवीस दिवस वाया जातात. शेण रोज दोनदा उचलायची गरजही राहत नाही. कोरड्या दिवसांत वाड्यातलं शेण खुरांखाली मोडून सुकतं, आठवड्यांनी काढलं तरी चालतं. ज्या बाईच्या वाट्याला शेणघाण आहे तिच्यासाठी ही गोष्ट कुठल्याही अनुदानापेक्षा मोठी आहे, आणि ती गोठ्याचा निर्णय घेणाऱ्या पुरुषांच्या हिशोबात सहसा नसते.

तोटा एकच, पण मोठा आहे: चिखल. तुमचा संगमनेर पर्जन्यछायेतला, म्हणून जमेल. हाच सल्ला मी शेजारच्या अकोले तालुक्यातल्या घाटाकडच्या किंवा कोकणातल्या कुणाला जसाच्या तसा दिला नसता. पावसाळ्यात मुरूम दबून खड्डे पडतात, खुरं नरम होऊन कुजतात. पावसाळ्याआधी मुरमाचा थर, आणि झडीच्या दिवसांत गाई छपराखाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात फोन करून दोघं जाऊन या. तुमच्यापासून जवळ आहेत. सासऱ्यांनाही न्या, मोबाईलवरच्या व्हिडिओपेक्षा स्वतः बघितलेलं त्यांना पटेल.

आता मूळ प्रश्न, सरकार देतं का? गाय सुखात आहे म्हणून पैसे, असं आपल्याकडे काही नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या दशकापासून हे चालू आहे. गाईंना उन्हाळ्यात महिन्याचे किमान सव्वीस दिवस चरायला आणि हिवाळ्यात किमान तेरा दिवस बाहेर सोडलं, तर शेतकऱ्याला थेट पैसे मिळतात. गोठा मोकळा आणि आरामाचा असेल तर त्याचे वेगळे. श्रीमंत देश आहे, त्यांची गोष्ट वेगळी, असं म्हणून सोडून देता येईल. पण आपल्या राज्याने २०२४ मध्ये दुधाला लिटरमागे आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान दिलं, तेव्हा गाईच्या कानात बिल्ला असल्याची आणि तिची पोर्टलवर नोंद असल्याची अट घातली होतीच की. आठवत असेल, बिल्ल्यासाठी किती धावपळ झाली होती. म्हणजे पैशाला अट जोडता येते, आणि ती गावोगाव अमलातही येते. 'गाय दिवसातून काही तास सुटी' ही अट जोडायचं कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोजचे पन्नास रुपये ठरवले. गोशाळा चालवणाऱ्यांना ते हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण यात गाईची काळजी सुरू होते ती तिचं दूध थांबल्यावर, आणि तीही देशी असली तर. तुमच्या गोठ्यातली संकरित गाय रोज वीस लिटर देत उभी आहे, तिच्या गुडघ्यांसाठी कुठलाच लेखाशीर्ष नाही. कायद्यात मात्र तिची आठवण आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी आखूड दोरीने किंवा साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये!

तेव्हा 'प्राणिस्नेही' नावाची योजना शोधत बसू नका. ज्या योजना आहेत त्यांतून गाईच्या कामाचं वेचून घ्या.

बिल्ले असतीलच, १ जून २०२४ पासून राज्यात त्याशिवाय सरकारी दवाखान्याची सेवा नाही आणि खरेदी-विक्रीही नाही. त्याच बिल्ल्यावर विमा काढा. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या निर्णयानुसार पशुविम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा पंधरा टक्के आहे, उरलेला केंद्र आणि राज्य भरतं, दहा मोठ्या जनावरांपर्यंत. २०२२ मध्ये लम्पीत ज्यांच्या गाई गेल्या त्यांना विम्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. लसीकरण फुकट आहे. लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी. तुमच्या तीन कालवडींना ब्रुसेलाची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या वयातच देता येते, तेव्हा वय मोजा आणि दवाखान्यात आजच नाव द्या. रात्री-अपरात्री अडलं तर १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

खेळत्या पैशांसाठी पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड घ्या. दोन लाखांपर्यंत व्याजसवलत आहे आणि वेळेवर फेडलं तर व्याज चार टक्क्यांवर येतं. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही. हे कार्ड खाद्य, चारा, औषधं यांसाठी आहे. त्यातून सिमेंट आणू नका, वर्षाच्या आत फिरवायचा पैसा भिंतीत अडकतो आणि चार टक्क्यांचा दर हातचा जातो. आणि हो, अर्ज तुमच्या नावाने करा. गाई सांभाळता तुम्ही, तर बँकेत नावही तुमचं असू द्या. बचत गटात असाल तर 'उमेद'च्या ताईंना सोबत घ्या, बँकवाले जरा नीट बोलतात.

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला शेतीसमकक्ष दर्जा दिला. शंभर दुधाळ जनावरांपर्यंत शेतीच्या दराने वीज हा त्यातला तुमच्या कामाचा भाग. कुट्टी मशीन, पाण्याची मोटर, उन्हाळ्यात पंखे आणि फॉगर चालवायचे तर फरक पडेल. महावितरणच्या कार्यालयात विचारा आणि तोंडी 'नाही' आलं तर लेखी अर्ज द्या.

शेणाचंही सांगते. नऊ गाईंच्या शेणावर दोन घनमीटरचा बायोगॅस आरामात चालतो, त्याला दिवसाला पन्नासेक किलो शेण पुरतं. केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला १४,३५० रुपये अनुदान ठरलं होतं. यंदाचा लक्ष्यांक शिल्लक आहे का ते पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा. स्वयंपाकाचा गॅस वाचतोच, पण खरी कमाई स्लरीची, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणाऱ्या शेणाच्या रबडीची आहे. ती हत्तीघास-मक्याला सोडा. गुजरातेत आणंदजवळच्या झकरियापुरा गावात बायकांनी घरोघर बायोगॅस बसवून स्लरी विकायला सुरुवात केली. सगळा चारा विकत आणून केलेला दूधधंदा दुधाचे दर चार रुपयांनी पडले की कोसळतो. ज्याच्या शेतातून गव्हाण भरते आणि गव्हाणीतून शेत, तो तग धरतो. एक एकर चाऱ्याला द्या, मक्याचा मुरघास बॅगांत भरा, वाड्याच्या कडेने शेवगा आणि सुबाभूळ लावा. सुबाभूळ सावलीही देते, पालाही. पण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त चाऱ्यात नको.

राहिला खोंडाचा वाद. यात मी तुमच्या बाजूने आहे आणि स्पष्ट लिहिते. खोंडाला दूध न पाजता कोपऱ्यात बांधून 'जगलं तर जगलं' म्हणायचं, ही आपल्या दूधधंद्यातली सर्वांना माहीत असलेली आणि कुणीच न बोलायची गोष्ट आहे. त्याच्या मागे कारणं आहेत. ट्रॅक्टर आल्यावर संकरित बैलाला काम उरलं नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली, त्यामुळे गिऱ्हाईक गेलं. सरकारने बंदी घातली, पण त्या खोंडाला खाऊ कोण घालणार हे शेतकऱ्यावर सोडून दिलं. घरातल्यांचा राग मला समजतो. पण उपाशी मारणं हा त्यावरचा मार्ग नव्हे, आणि सुदैवाने तो घ्यायची गरजही नाही. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरली तर दहापैकी साधारण नऊ वेळा कालवडच होते. राष्ट्रीय गोकुळ अभियानातून आणि राज्याकडून ती सवलतीत मिळते. सरकारी दवाखान्यात मागा, नसेल तर दूध संघात विचारा. पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गाईंना आणि कालवडींना ती वापरा, जुन्या, गाभण न राहता उलटणाऱ्या गाईवर पैसे घालू नका. तरीही एखादं खोंड होईलच. त्याला पहिल्या दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका दिवसभरात. पुढे मिल्क रिप्लेसरवर (दुधाऐवजी पाजायची पावडर) वाढवता येतं. आईपासून लगेच तोडलं म्हणून नव्हे, चीक मिळाला नाही म्हणून वासरं जातात, आणि चीक तसाही डेअरीत घालता येत नाही. वादाच्या वेळी एवढंच वाक्य पुरेल.

घरात बोलायची वेळ आली की गाईच्या सुखावरून सुरुवात करू नका. गेल्या वर्षभरातली डॉक्टरांची बिलं आणि मस्टायटीसच्या दिवसांत न घातलेलं दूध, दोन्ही डेअरीच्या पावत्यांवरून काढा आणि कागद सासऱ्यांपुढे ठेवा. गेलेल्या सडाची किंमत त्यातच दिसेल. मग म्हणा, आधी तीन कालवडी आणि दोन गाठीवाल्या सोडून बघू, बाकीच्या आहेत तशाच राहू देत. पाच जनावरांना जाळी बऱ्यापैकी कमी लागते. जुने पाइप असतील तर आणखी कमी.

ठराव मंजूर होऊन एस्टिमेट हातात आलं तर गोठ्याच्या नकाशाचा फोटो मला पाठवा. गव्हाणीची उंची बहुतेक ठिकाणी चुकते, ती बांधायच्या आधी बघितलेली बरी.